लाल बोंडाचा कीबोर्ड

…आणि वर मलाच विचारतात, साधी दुरेघी वही मिळत नव्हती का इनामगावात? मिळत होती. किराणा दुकानात मिळते, शाळेसमोर मिळते, घोड नदीच्या वाटेवर चहाची टपरी आहे तिथंही दोन लटकवलेल्या असतात. वहीचा प्रश्नच नव्हता. प्रश्न तत्त्वाचा होता. आणि तत्त्वाचा प्रश्न आला की माझं काय होतं ते तुम्हाला आता कळेलच, फक्त मधेच उठून जाऊ नका, कारण ही गोष्ट मी अर्ध्यावर सोडली की मला त्या पत्र्याच्या डब्याचा आवाज यायला लागतो… डब्याचं पुढं सांगतो.

आधी आत्या. सोजरबाई. माझ्या वडिलांची थोरली बहीण. वय अडुसष्ट, उंची बेताची, आवाज मात्र असा की आमच्या विहारात कार्यक्रम असला की स्पीकरवाला आधीच हात जोडतो, "आत्या, जरा लांब बसा, पडदा फाटंल ह्याचा." ती गाणी रचते. लिहीत नाही हं, रचते. खुरपताना रचते, भाकरी थापताना रचते, एकदा तर दवाखान्यात सलाईन चालू असताना रचलं, सलाईनवरच. एकशे एकेचाळीस गाणी, सगळी डोक्यात. हा आकडा माझा नाही, कोंडिबा आबांचा. कोंडिबा आबा चाळीस वर्षं तिच्या मागं ढोलकी वाजवतायत, आणि त्यांची एक पद्धत आहे. आत्यानं नवं गाणं विहारात पहिल्यांदा म्हटलं, की आबा घरी जाऊन पत्र्याच्या डब्यात एक चिंचोका टाकतात. एक गाणं, एक चिंचोका. मी जानेवारीत गावी परत आलो तेव्हा त्यांनी तो डबा माझ्या कानाशी नेऊन हलवला, भरलेला डबा वाजतो ना, जड, गच्च, तसा. म्हणाले, "ऐक आयुष, ही तुझी आत्या."

आता मी कोण? मी शिकून आलेला. हैदराबादला पाच वर्षं, मग शिष्यवृत्तीवर इंग्लंडात दोन. अभ्यासाचा विषय काय, तर मौखिक परंपरा. म्हणजे जे माझ्या आत्याच्या ओसरीवर रोज फुकट चालायचं, ते शिकायला मी सात समुद्र ओलांडले. आणि तिथं बसून मी एकशे वीस पानी प्रबंध लिहिला की आजवर आमच्या माणसांचं म्हणणं दुसऱ्यांनीच लिहून घेतलं. बोलणारी आमची, लेखणी त्यांची. म्हणजे शेवटी मालकी कुणाची? तर लिहून घेणाऱ्याची. म्हणून माझं तत्त्व: आत्याची गाणी आत्यानंच लिहायची. स्वतःच्या हातानं. मी लिहून घेणार नाही, फोनवर रेकॉर्ड करणार नाही, कारण ती गाणार आणि बटण मी दाबणार, म्हणजे पुन्हा तेच ना? आमच्या गावात तीन-साडेतीन हजार वर्षांपूर्वीची मडकी सापडली, तर मोठमोठी माणसं येऊन हातात ब्रश घेऊन, श्वास रोखून माती झाडत बसली होती. आणि इथं जिवंत बाई बसलीय बाजेवर, तिच्याकडं कोण ब्रश घेऊन येणार? मी येणार. असं मी विहारात भाषणात बोललोसुद्धा. टाळ्या पडल्या. आत्या म्हणाली, "पोरगं चांगलं बोलतंय, पण मडक्यात आन् माझ्यात काय फरक हाय ते सांगितलंच न्हाई."

बरं, ती लिहिणार कशी? अक्षरं तिला येतात, प्रौढ शिक्षणाच्या वर्गात शिकली. पण पेन धरता येत नाही. सणसवाडीला एका कंपनीत प्रेस मशिनवर होती, तिथं उजव्या हाताची दोन बोटं गेली, आणि त्यावर तिनं जे गाणं रचलं ना, "आठ बोटं घरी आली, दोन कामावर ऱ्हायली…" ती दोन बोटं अजून शिफ्ट करतात, जेवणाच्या सुट्टीत एकमेकांशी बोलतात, साहेबांकडं बोट दाखवतात. ऐकणारा आधी हसतो आणि मग त्याचं हसू कुठं जातं त्यालाच कळत नाही. सगळ्यात चांगलं गाणं तिचं ते.

तर पेन नाही, म्हणून कीबोर्ड. डाव्या हाताच्या एका बोटानं टाइप होतं. माझा लॅपटॉप टीव्हीला जोडायचा म्हणजे अक्षरं मोठी दिसतील, आणि ती बाजेवर बसून मांडीवर छोटा बिनतारी कीबोर्ड घेऊन लिहील. पण पडद्यावरचा बाण हलवायचा कसा? माऊस तिला धरवत नाही. लॅपटॉपवर बोट फिरवायची ती पट्टी असते ना, ती आत्याचं बोट ओळखतच नाही. जन्मभर कांदा खुरपून बोटाची कातडी अशी झालीय की रेशन दुकानात मशिनसुद्धा म्हणतं, ही बाई नाही. साहेबराव दुकानदार दर महिन्याला सांगतात, "सोजरबाई, अंगठा पुसा, परत ठेवा, परत पुसा," आणि आत्या म्हणते, "साहेबराव, मी हाय. तुमच्या मशिनला दिसत नसंल तर त्याचं डोळं पुसा."

आणि मला आठवलं… इंग्लंडात ग्रंथालयात एक जुना लॅपटॉप होता. त्याच्या बटणांच्या मधोमध, जी, एच आणि बी या तीन अक्षरांच्या बेचक्यात, एक लाल बोंड. टिकलीएवढं. त्याच्यावर बोट टेकवून नुसतं रेटायचं, जिकडं रेटाल तिकडं बाण जातो. कातडी लागत नाही, ठसा लागत नाही, लागतो फक्त जोर. आणि जोर तर आत्याकडं ढीगभर. असं बोंड असलेला छोटा, बिनतारी कीबोर्ड. ठरलं. मी आत्याला सांगितलं, सीमाताईला सांगितलं, आणि त्याच बैठकीत ते वाक्य माझ्या तोंडून पहिल्यांदा गेलं: एकदाच घ्यायचं, पण नीट घ्यायचं.

सीमाताई म्हणजे आत्याची मुलगी. सणसवाडीत खोली घेऊन राहते, कंपनीत असते, गुरुवारच्या सुट्टीला घरी येते. ती तेव्हाच म्हणाली, "आयुष, किती दिवस लागतील?" मी म्हटलं, आठवडा.

शिरूरला दत्ताशेठच्या कॉम्प्युटरच्या दुकानात गेलो. त्यांना लाल बोंड समजावलं. ते शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, "सर, तुम्ही म्हणताय ते असतंय. पण आता नसतंय." मग त्यांनी मला एक कीबोर्ड दाखवला, त्यातून सात रंगांचे दिवे लागत होते, वरातीतल्या गाडीसारखा. "हा घ्या, गेमिंगचा. आत्या खूश होतील." मी त्यांना तत्त्व सांगितलं. ते म्हणाले, "सर, तत्त्वाचं मागवावं लागंल."

मागवायचं तर निवडावं लागतं. आणि निवडायला बसलो ना… तुम्हाला सांगतो, लाल बोंडाच्या कीबोर्डचं जग असं आहे की माणूस एकदा आत गेला की बाहेरचा उजेड दिसत नाही. एकाचं बोंड चांगलं, पण बटणं उथळ. एकाची बटणं खोल, पण बोंडाला मऊ टोपी नाही. एक ब्लूटूथवर चालतो पण मधेच झोपतो, एकाला खाली यूएसबीत खोचायचा तुकडा लागतो आणि तो हरवला की कीबोर्डचा पाट करायचा. एकाची बॅटरी दोन महिने चालते, एकाची दोन आठवडे. आणि सगळ्यात वाईट रोग म्हणजे सरकणं. बोंडावरून बोट काढलं तरी बाण थांबत नाही, आपला आपण, हळूहळू, पडद्याच्या कोपऱ्याकडं सरकत राहतो. कुणी हात लावलेला नाही, कुणी रेटत नाही, आणि तो निघालाय… परदेशातल्या एका माणसानं लिहिलं होतं की काळजीचं कारण नाही, थोडा वेळ हात लांब ठेवा, आपोआप ताळ्यावर येतो.

मी सतरा रकान्यांचा तक्ता केला. रोज संध्याकाळी दिवेलागणीला ओसरीवर बसून तो आत्याला वाचून दाखवायचो. कारण निर्णय तिचा असायला हवा, हेही तत्त्वच. आणि ती ऐकायची हो, डोळे मिटून, बाजेच्या गातावर, त्या कडेच्या लाकडावर, बोटानं ठेका धरून. मधेच विचारायची, "बॅटरी किती दिस म्हणलास?" मी म्हणायचो, दोन महिने. "आन् भराया?" एक तास. ती मान डोलवायची, दोन महिने, एक तास, असं ओठातल्या ओठात घोळवायची. मला वाटायचं, बघा, आपण हिला सहभागी करून घेतलंय.

आणि एक सांगायचं राहिलं. ते सांगताना जरा… असू दे, सांगतो. मी तिला गायला मनाई केली होती. मनाई म्हणजे रागावून नाही, प्रेमानं, शास्त्रीय कारण देऊन. म्हटलं, आत्या, गाणं प्रत्येक वेळी गाताना थोडं बदलतं. तू आता गात राहिलीस तर शब्द झिजतील. गाणी तशीच राहू दे, ताजी, कीबोर्ड आला की थेट लिहायची. पहिला शब्द कागदाचा. आत्यानं माझ्याकडं बघितलं. म्हणाली, "झाकून ठिवल्यावर ताजी ऱ्हात्यात व्हय गाणी?" मी म्हटलं, राहतात. सात वर्षं शिकलोय मी हे.

चौदा एप्रिल आला. त्या दिवशी गाण्याशिवाय कसं चालेल? सगळ्यांनी आग्रह केला, मीही परवानगी दिली, परवानगी, बघा शब्द. आत्या उभी राहिली, आबांनी ढोलकी धरली, "आठ बोटं घरी आली, दोन कामावर ऱ्हायली…" आणि थांबली. आबांनी ठेका एकदा फिरवला. दुसऱ्यांदा फिरवला. पोरांना वाटलं, आत्या मुद्दाम थांबलीय, हसवणार आता. तिसऱ्यांदा फिरवला. आत्यानं आपल्या उजव्या हाताकडं बघितलं, जिथं बोटं नाहीत तिथं, असं बघितलं जणू पुढची ओळ तिथं असायला हवी होती. मग खाली बसली. म्हणाली, "पाणी द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आबांच्या घरावरून चाललो होतो. ते उंबऱ्यात बसले होते. डबा उघडला, एक चिंचोका काढला, अंगणातल्या मातीत टाकला. मी म्हटलं, आबा, एवढ्यानं काय होतंय, दमली होती ती. ते म्हणाले, "व्हय. दमली होती." आणि डब्याला झाकण लावलं.

त्या गुरुवारी सीमाताई आली ती वही घेऊनच आली. माझ्यासमोर आपटली. "लिहून घे." मी म्हटलं, ताई, कीबोर्ड जवळजवळ नक्की झालाय. "जवळजवळ म्हणजे?" म्हटलं, दोन उरलेत, फक्त बोंडाच्या टोपीचा प्रश्न आहे. ती म्हणाली, "माझी आई चाललीय आणि तू टोपी बघतोयस?" मी शांतपणे म्हटलं, आणि ऐका, मला लाज वाटते पण मी म्हटलं: ताई, एकदाच घ्यायचं, पण नीट घ्यायचं. आणि वही म्हणशील तर तूही लिहिलंस तरी ते तेच झालं, लेखणी दुसऱ्याची. आत्यानं बाजेवरून माझीच बाजू घेतली. "ऱ्हाऊ दे सीमे. मला लिहायचंय माझ्या हातानं. पोरगं आणतंय." ताई बारा तासांची शिफ्ट करून आलेली, भांडायचं बळ नव्हतं तिच्यात. वही भिंतीतल्या फळीवर ठेवली. अजून कोरीच आहे.

एकदा मागवला बरं का. खरंच मागवला. आणि त्याच संध्याकाळी वाचलं की या कंपनीचा नवा येतोय, त्याचं बोंड कमी जोरात चालतं. आत्याच्या बोटाला कमी जोर, म्हणजे चांगलंच ना? ऑर्डर रद्द केली. मे गेला, जून गेला. आबांच्या अंगणात आता मी जातच नव्हतो, पलीकडच्या वाटेनं जायचो. पण आवाज यायचा. डबा रिकामा होत गेला ना की त्याचा आवाज वाढतो, हे तुमच्या लक्षात आलंय का कधी? भरलेला असताना गच्च होता, आता खुळखुळायचा. आठवड्याला पाच, कधी आठ. आत्या बसल्या बसल्या एखादी ओळ सुरू करायची, सोडून द्यायची. मग मला विचारायची, "तू कवा आलास?" मी म्हणायचो, जानेवारीत. "जेवलास का?" जेवलो. "तक्ता वाच मग."

तक्ता वाच मग. तुम्हाला काय वाटतं, मी काय केलं असेल? वाचला.

सीमाताईनं तिला डॉक्टरांकडं नेलं, मीही बरोबर गेलो. मोठा फोटो काढला डोक्याचा. डॉक्टर म्हणाले, मेंदूतल्या बारीक नसा बंद पडत चालल्यात, एकेक. कुठली कधी बंद होईल आणि तिच्याबरोबर काय जाईल, सांगता येत नाही. ताईनं विचारलं, काही उपाय? डॉक्टर म्हणाले, गोळ्या आहेत, पण सगळ्यात मोठं औषध म्हणजे रोजचा सराव. "जे रोज कानावर पडेल, रोज तोंडात येईल, ते टिकून राहील बराच काळ. आजी काय करतात घरी?" ताई म्हणाली, गाणी म्हणतात. डॉक्टर खूश झाले, "मग रोज म्हणू द्या. बंद करू नका." ताईनं माझ्याकडं बघितलं. मग आईचा हात धरून बाहेर पडली.

त्या दिवशी घरी येऊन मी अर्ध्या तासात कीबोर्ड मागवला. हो, अर्ध्या तासात. मागं सात महिने जे झालं नाही ते. आणि आत्यासमोर बसून म्हटलं, गा, कुठलंही गा, कसंही गा, शब्द झिजू देत. फोनवर रेकॉर्डिंगही चालू केलं, तत्त्व गेलं चुलीत. त्या फोनमध्ये पावणेदोन तास आहेत. त्यात कुत्र्याचं भुंकणं आहे, मोटार चालू झाल्याचा आवाज आहे, आणि आत्या विचारतेय, "काय गाऊ?"

कीबोर्ड परदेशातून निघाला. रोज फोनवर दिसायचं, इथं आला, तिथं आला, तपासणीला थांबला. तीन आठवडे. मग आला तो दौंडला, आणि दौंडच्या कुरियरवाल्यानं फोन केला, "इनामगाव आमच्या लाइनीत नाय, येऊन घेऊन जा." गेलो. गाडीवर. येताना तो खोका पोटाशी धरून, एका हातानं गाडी चालवत. वाटेत मी काय विचार करत होतो माहितेय? स्टिकर आणलेत का आपण मराठी अक्षरांचे. आणले होते. त्यात काही चूक नव्हती. त्या सगळ्या प्रकरणात माझी एकही गोष्ट चुकली नाही, हेच तर…

गुरुवार होता. सीमाताई घरी. कोंडिबा आबा ढोलकी घेऊन आले, काखेत डबा. मी टीव्हीला लॅपटॉप जोडला, बटणांवर अक्षरं चिकटवली, कीबोर्ड आत्याच्या मांडीवर ठेवला. अगदी बसला हो मांडीवर, जणू तिच्या मापानं केलाय. तिनं डावं बोट लाल बोंडावर टेकवलं आणि रेटलं. टीव्हीवर बाण हलला. ती हसली. उजवीकडं रेटला, उजवीकडं गेला. वर रेटला, वर. रेशनच्या मशिननं जिला कधी ओळखलं नाही, तिला ह्या बोंडानं पहिल्या झटक्यात ओळखलं. मला रडू आलं, खोटं कशाला बोलू. मी ताईला म्हटलं, बघितलंस?

आत्या म्हणाली, "आता काय लिहू?"

आबांनी डबा उघडला. तळाला अकरा चिंचोके. त्यांनी एकेका गाण्याची सुरुवात वाजवायला घेतली. विहिरीचं वाजवलं. आत्या ऐकत राहिली, पाहुण्यासारखी. सासूचं वाजवलं. एक ओळ आली, दुसरी आली नाही. आबांनी एक चिंचोका बाजूला ठेवला. पुढचं वाजवलं. बाजूला. आम्ही कुणी कुणाकडं बघत नव्हतो, सगळे टीव्हीकडं बघत होतो, आणि टीव्हीवर कोरं पान आणि एक उभी रेघ, लुकलुकणारी. अकरावं झालं. डबा रिकामा झाला तेव्हा आवाजच आला नाही.

आणि मग आत्यानं स्वतःच ठेका धरला. बाजेच्या गातावर, तोच, रोज संध्याकाळचा. आबांचा हात आपोआप ढोलकीवर गेला. आणि ती गायला लागली, खणखणीत, न अडखळता, आणि गाता गाता एकेक अक्षर दाबायला लागली:

लाल बोंड मधी, तीन अक्षरांच्या दारी,
बोट टेकता वरी, बाण हिंडं घरोघरी,
एकदाच घ्यायचं, बाई, नीट घ्यायचं…

दोन महिनं चालं बॅटरी, तासभर भरल्यावरी,
भाचा माझा इलायतीचा, तक्ता वाची ओसरीवरी,
एकदाच घ्यायचं, बाई, नीट घ्यायचं…

नऊ कडवी. नऊच्या नऊ. बटणांची खोली, टोपी, झोपणारा ब्लूटूथ, सरकणारा बाण, दत्ताशेठचे सात रंगांचे दिवे, सगळं आलं. एक ओळ चुकली नाही. सीमाताई आधी हसली, मग उठून परसात गेली. दिवस कलेपर्यंत आत्या टाइप करत होती, स्वतःच्या हातानं, माझ्या तत्त्वाप्रमाणं. शेवटी खाली आपलं नाव लिहिलं. आबांनी बाजूला काढलेल्यातला एक चिंचोका उचलला, रिकाम्या डब्यात टाकला. टण्. तो आवाज.

आता ते गाणं सगळीकडं झालंय. शेजारच्या न्हावऱ्यात म्हणतात, दौंडला एका लग्नात म्हटलं म्हणे, शाळेतली पोरं माझ्यामागं म्हणत येतात. आत्याला भेटायला कुणी आलं की ती तेच म्हणते, रोज, दिवसातून चारदा, डॉक्टर म्हणतात छान आहे, सराव राहतोय. आणि ऐकून झालं की लोक बाहेर येऊन मला विचारतात, बाकीची गाणी का नाही लिहून घेतली, वही नव्हती का?

कीबोर्डचं म्हणाल तर एक नंबर निघाला हो. खोटं नाही बोलत. बोट काढलं की बाण जिथल्या तिथं थांबतो, तसूभर सरकत नाही.